इथले शिक्षक गप्प होते तेव्हा

शेजारच्या निवृत्त शिक्षिकेनं परवा जे सांगितलं ते अजून डोक्यातून जात नाही. नव्वदच्या दशकात तिच्या वर्गातल्या एका मुलाला बाकीची पोरं 'गे, गे' म्हणून छळायची. तिला सगळं दिसत होतं. पण त्याला जवळ बोलावून 'तुझ्यात काहीच वावगं नाही' एवढं म्हणायची तिची छाती झाली नाही, कारण नोकरी जाईल ही भीती.

ही गोष्ट लंडनची आहे! थॅचरबाईंच्या सरकारनं १९८८ साली कलम २८ आणलं. स्थानिक परिषदांनी समलैंगिकतेचा प्रसार करायचा नाही, त्यांच्या शाळांमध्ये असं नातं कुटुंब म्हणून स्वीकारण्याजोगं आहे असं शिकवायचं नाही. स्कॉटलंडमध्ये ते २००० साली गेलं, इंग्लंडमध्ये थेट २००३ साली. त्याखाली एकाही शिक्षकावर खटला झाला नाही. तशी वेळच आली नाही, सगळे आपणहून गप्प बसले.

'तुमच्याकडे २०१८ पर्यंत समलैंगिक संबंध हा गुन्हा होता ना?' असं मला इथे कितीदा ऐकवलं गेलंय. आता मी उत्तर देते. ते ३७७ कलम आमच्या दंडविधानात १८६० साली घातलं कुणी? आणि त्यानंतर सव्वाशे वर्षांनी स्वतःच्या शाळांची तोंडं कुणी बंद केली?

पण शेजारच्या त्याच शिक्षिकेनं मला 'ब्यूटिफुल थिंग' बघायला लावला आणि माझा राग निवळला. १९९६ चा चित्रपट. थेम्समीड, म्हणजे आमच्या आग्नेय लंडनमधलीच काँक्रीटच्या इमारतींची वसाहत. जेमी आणि स्टी शेजारी राहणारे, शाळकरी. स्टीला घरी बाप आणि भाऊ बडवतात, म्हणून तो रात्री जेमीकडे झोपायला येतो. त्याच्या पाठीवरचे वळ बघून जेमी घरात सापडलेलं पायाला लावायचं पेपरमिंटचं लोशन हलक्या हातानं चोळतो. त्या वेळी इंग्लंडमध्ये मुलामुलीला सोळाव्या वर्षी शरीरसंबंधाची जी कायदेशीर मुभा होती, ती दोन मुलांना अठरापर्यंत नव्हती. हा फरक २००१ साली मिटला. आणि तरी दिग्दर्शिका हेटी मॅकडोनाल्ड शेवटी त्या दोघांना भर दिवसा, वसाहतीच्या चौकात, सगळ्यांच्या देखत नाचवते. पबमध्ये राबणारी, तोंडाची फटकळ अशी जेमीची आईही नाचायला उतरते. मी एका शाळकरी मुलीची आई आहे, ती बाई मला फार भावली.

'गेट रिअल' १९९८ चा. त्यात तर शाळेच्या समारंभात, भर स्टेजवरून, मुलगा स्वतःबद्दल सांगून टाकतो. जे शिक्षकांना बोलायची चोरी होती, ते विद्यार्थ्याच्या तोंडी.

माझी मुलगी 'हार्टस्टॉपर' ही दोन शाळकरी मुलांच्या प्रेमाची मालिका बघत वाढतेय. तिला हे जुने चित्रपट दाखवले तर एवढं घाबरायचं काय, तेच तिला कळेना. 'परत कधी येताय?' असं विचारणाऱ्या घरच्यांना मी हेही एक कारण सांगते.

आपण मागे होतो असं मात्र मी म्हणू देणार नाही. तेंडुलकरांनी 'मित्राची गोष्ट' हे मुलीवर प्रेम करणाऱ्या मुलीचं नाटक १९८१ साली रंगमंचावर आणलं, म्हणजे या चित्रपटांच्या पंधरा वर्षं आधी. गेल्या वर्षी, २०२५ मध्ये, रोहन कानवडे यांच्या 'साबर बोंडं' या मराठी चित्रपटाला अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवात जागतिक कथापटांचं सर्वोच्च ज्युरी पारितोषिक मिळालं, तेव्हा ऑफिसात दिसेल त्याला मी ती बातमी दाखवली. पण त्यातले प्रेमात पडणारे दोघं पुरुष तिशीतले आहेत. आणि तेंडुलकरांची कॉलेजातली मित्रा जगत नाही. 'शाळा' मला तोंडपाठ आहे, त्यातल्या बाकांवर तशी मुलं नसतील हे शक्य नाही.

मला सांगलीच्या नाहीतर चिपळूणच्या शाळेतली, गॅदरिंगच्या तालमीत मैत्रिणीवरून नजर न हटणारी आणि चित्रपट संपेपर्यंत धडधाकट जिवंत असलेली मुलगी मराठी पडद्यावर बघायची आहे. कुणी अशी पटकथा लिहीत असाल तर जरूर कळवा. लंडनमध्ये पहिला खेळ लावायची जबाबदारी माझी.