सोमवारची दीड तासाची मिटिंग

टीमची जबाबदारी माझ्याकडे आली तेव्हा सोमवारची आढावा मिटिंगही माझ्याकडे आली. अकरा जण, दीड तास, दर आठवड्याला. सुरुवातीचे काही महिने मी ती होती तशीच चालवली. प्रत्येकाने गेल्या आठवड्यात काय केलं ते सांगायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. खरा मुद्दा निघायचा शेवटच्या दहा मिनिटांत, तो अर्धवट राहायचा आणि पुढच्या सोमवारी पुन्हा पहिल्यापासून सुरू.

एकदा हिशेब मांडला. ११ माणसं गुणिले ९० मिनिटं म्हणजे साडेसोळा तास. एका माणसाचे कामाचे पुरते दोन दिवस, आणि तेही दर आठवड्याला! मग मागच्या आठ मिटिंगांच्या नोंदी काढून बसले. ‘चर्चा झाली’, ‘बघू’, ‘पुढच्या वेळी बोलू’ अशा ओळींनी पानं भरलेली. ज्यांच्यापुढे कुणाचं तरी नाव आणि तारीख दोन्ही होतं, असे निर्णय सापडले फक्त पाच. मला फार वाईट वाटलं. इतक्या जणांचा वेळ माझ्या हातात होता.

पहिलं काम केलं ते म्हणजे नुसती माहिती देणं मिटिंगमधून काढून टाकलं. शुक्रवारी संध्याकाळपर्यंत प्रत्येकाने सामायिक फाइलमध्ये चार-पाच ओळी लिहायच्या आणि सगळ्यांनी त्या वाचून यायचं. दोघं-तिघं लिहीत नव्हते. पण मिटिंगमध्ये मी ती माहिती पुन्हा सांगू दिली नाही, तेव्हा तेही लिहू लागले.

दुसरा बदल दिसायला किरकोळ, पण मला सगळ्यात जास्त उपयोगी पडला तोच. अजेंड्यावर विषय लिहायचा नाही, प्रश्न लिहायचा. ‘नवी वेबसाइट’ असं लिहिलं की लोक वेबसाइटबद्दल जे सुचेल ते बोलतात. ‘वेबसाइट याच महिन्यात सुरू करायची, की चाचणी पूर्ण होईपर्यंत थांबायचं?’ असं लिहिलं की उत्तर द्यावं लागतं. निम्मे मुद्दे तर प्रश्न लिहितानाच गळून पडायचे, कारण ते दोघांनी फोनवर बोलून मिटण्यासारखे आहेत हे लिहिणाऱ्यालाच कळायचं. शुक्रवारपर्यंत एकही प्रश्न आला नाही तर सोमवारची मिटिंग रद्द. पहिल्यांदा रद्द केली तेव्हा वरिष्ठांनी विचारलं, सगळं ठीक आहे ना? मी त्यांना अजेंड्याचं कोरं पान दाखवलं.

मुद्द्यांचा क्रमही बदलला. ब्रिटिश लेखक सिरिल नॉर्थकोट पार्किन्सन यांनी १९५७ मध्ये एक निरीक्षण मांडलं होतं: समिती अणुभट्टीचा प्रचंड खर्च काही मिनिटांत मंजूर करते आणि सायकलींच्या शेडवर मात्र रेंगाळते, कारण शेड सगळ्यांनाच कळते. आमच्याकडे अहवालाच्या मुखपृष्ठावर पंचवीस मिनिटं गेली होती आणि पुरवठादाराचा करार पाच मिनिटांत संमत झाला होता. म्हणून जड प्रश्न आधी घ्यायला लागलो. मुखपृष्ठासारख्या गोष्टी एकाच माणसावर सोपवल्या.

यानंतर मी चुकले. मिटिंग चाळीस मिनिटांवर आली आणि मला वेळेचाच ध्यास लागला. कुणी लांबवलं की मध्येच तोडायचे. एकदा काम पूर्ण करण्याची तारीख ठरली, सगळ्यांनी माना डोलावल्या. पुढे ती तारीख हुकली, तेव्हा कळलं की चाचणीचा डेटा वेळेत मिळणार नाही हे टीममधल्या सगळ्यात नव्या मुलीला त्याच दिवशी ठाऊक होतं. ‘मग बोलली का नाहीस?’ ती म्हणाली, ‘सगळे हो म्हणत होते मॅडम, आणि तुम्ही घड्याळाकडे बघत होतात.’

ते वाक्य मी विसरू शकले नाही. तेव्हापासून मोठा निर्णय असला की पहिली दहा मिनिटं कुणी बोलत नाही. एक-दोन पानांचं टिपण सगळे तिथेच वाचतात आणि आपलं मत एका ओळीत लिहितात. अ‍ॅमेझॉनच्या वरिष्ठांच्या बैठकींतून २००४ मध्ये स्लाइड काढून टाकल्या आणि लेखी टिपण शांतपणे वाचून सुरुवात करायची पद्धत आली, हे मला माहीत होतं. पण दहा मिनिटं गप्प बसणं मला आधी उधळपट्टी वाटायची. बोलण्याची सुरुवात सगळ्यात नव्या माणसापासून होते, मी शेवटी बोलते. मिटिंग आता पन्नास-पंचावन्न मिनिटं चालते आणि ती वाढलेली मिनिटं मला अजिबात खुपत नाहीत.

शेवटची पाच मिनिटं राखून ठेवलेली असतात. काय ठरलं, कोण करणार, कधीपर्यंत, हे ज्याचं काम आहे त्यानेच स्वतःच्या शब्दांत सांगायचं. नाव एकच. ‘टीम बघेल’ असं लिहिलं की कुणीच बघत नाही, हे जुन्या नोंदींत ठिकठिकाणी दिसलं होतं. यादी त्याच दिवशी सगळ्यांना जाते आणि पुढची मिटिंग तिच्यापासूनच सुरू होते.

निम्मे लोक खोलीत आणि निम्मे स्क्रीनवर असले की अजून नीट जमत नाही. खोलीतले आपापसात बोलतात, स्क्रीनवरचे हात वर करून थांबून राहतात. सध्या पहिली फेरी स्क्रीनवरच्यांपासून घेते, आणि वादाचा प्रश्न असेल तर खोलीतल्यांनाही आपापल्या लॅपटॉपवरूनच जोडून घ्यायला सांगते.