वशिंड नसलेले गोऱ्हे : आषाढ ते मार्गशीर्षाची नोंद

दूधवाल्यांना नकोसे झालेले गोऱ्हे, म्हणजे नर वासरे, मी आणून वाढवतो आणि पुढे त्यांना घर शोधून देतो. या हंगामात माझ्या गोठ्यात होल्स्टीन (परदेशी काळीपांढरी दुधाळ जात) संकराचे चार गोऱ्हे आले. त्यांतले तीन दूध सोडून वैरणीला लागले आहेत आणि एक दगावला. मागच्या नोंदीत बाटली, निपल आणि दुधाचे प्रमाण यांविषयी पुरेसे लिहिले होते; या वेळी भर दोन टोकांवर आहे, म्हणजे वासराचा पहिला दिवस आणि सहाव्या महिन्यानंतरचे त्याचे घर. मधला काळ कष्टाचा असला तरी तो आपल्या शिस्तीने निभावता येतो. ही दोन टोके मात्र दुसऱ्यांच्या मर्जीवर अवलंबून असतात, आणि आपण वासराला खरोखर सोडवले की त्याचे हाल केवळ लांबवले, हे तिथेच ठरते.

फलटण-बारामती पट्ट्यात गोऱ्हा नकोसा का होतो, याचा हिशेब साधा आहे. गाईच्या दुधाला लिटरमागे तीस रुपये धरले आणि गोऱ्ह्याने दिवसाला तीन लिटर प्यायले, तर दोन महिन्यांत ५,४०० रुपयांचे दूध त्याच्या पोटात जाते, आणि एवढे करून हाती जे जनावर येते त्याला बाजारात गिऱ्हाईक नसते. खिलार या देशी जातीच्या गाईचा गोऱ्हा घरचा बैल होत असे. मणिभाई देसाई यांनी १९६७ मध्ये उरुळी कांचनला बायफ या पशुपैदाशीचे काम करणाऱ्या संस्थेची स्थापना केल्यानंतरच्या काळात संकरित गाय गोठ्यागोठ्यांत पोहोचली, दूध वाढले आणि त्याच सुमारास नांगरटीला ट्रॅक्टर आला. गाईची किंमत वाढत गेली तशी तिच्या गोऱ्ह्याची उतरत गेली. राज्यात गाईच्या कत्तलीवर १९७६ च्या कायद्याने बंदी होतीच, २०१५ च्या दुरुस्तीने ती बैल आणि वळूंनाही लागू झाली. विसाव्या पशुगणनेत, म्हणजे २०१९ साली, देशातील गोवंशात माद्या साडेचौदा कोटींच्या घरात होत्या आणि नर पावणेपाच कोटींच्या आत. जन्माला येताना प्रमाण जवळपास निम्मेनिम्मे असते. मधली तफावत कशी पडते, हे गोठ्यांतून फिरणाऱ्याला वेगळे सांगावे लागत नाही. पहिल्या आठवड्यात दावणीला उपाशी राहिलेल्या गोऱ्ह्याला कोणी मारलेले नसते, तो फक्त मरतो. यात शेतकऱ्याला निर्दय ठरवणे मला पटत नाही. दुधाचा दर पाडणारा त्या गोठ्यात कधी उभा राहत नाही. कालवडच व्हावी यासाठी लिंगनिर्धारित वीर्यमात्रा आता मिळू लागल्या आहेत आणि त्यांतून दहापैकी सुमारे नऊ कालवडी होतात, पण ती मात्रा महाग पडते आणि गाभण राहण्याचे प्रमाण थोडे कमी असते, म्हणून छोट्या गोठ्यात ती अजून सहज दिसत नाही.

आता पहिल्या दिवसाविषयी. गाईच्या वारेतून प्रतिकारद्रव्ये वासराच्या रक्तात उतरत नाहीत; ती फक्त चिकातून मिळतात आणि तीही आतड्याचे दार उघडे असेपर्यंत. पहिल्या दोन तासांत पाजलेला चीक सर्वांत उपयोगी पडतो, सहा तासांनंतर शोषण झपाट्याने उतरते आणि साधारण चोवीस तासांत दार बंद होते. तीस किलोच्या वासराला त्या पहिल्या दिवसात तीन लिटरच्या आसपास चीक मिळायला हवा. म्हणजे आपण दुसऱ्या दिवशी कितीही प्रेमाने वासरू उचलून आणले, तरी मोठा निर्णय आधीच होऊन गेलेला असतो. त्यातून चिकाला शहरात खरवसासाठी चांगला भाव मिळतो, त्यामुळे ज्या वेळी तो वासराच्या पोटात जायला हवा त्या वेळी किटलीतून गावाबाहेर पडतो. खरवस मलाही आवडतो, तेव्हा यावर फार ताणून बोलत नाही.

या वर्षी मी गोठेवाल्यांशी एकच बोली ठेवली: चिकाचे पैसे घ्या, परंतु तो गोऱ्ह्यालाच पाजा आणि मग मला बोलवा. ही बोली घरच्या बाईमाणसाशी केली तर पाळली जाते, हा माझा अनुभव पक्का होत चालला आहे, कारण धार आणि वासरू दोन्ही तिच्याच हातात असतात. एका गोठ्यातल्या वहिनींनी तर मलाच सुनावले, "दादा, चीक पाजल्याबिगर मी वासरू सोडायची नाही, पण तुम्ही उजेडी या. रातीचं जनावर गाडीत दिसलं की लोक रस्त्यात आडवं येतात."

चिकाची प्रत पाहण्यासाठी ऊस आणि द्राक्षवाल्यांकडचा रिफ्रॅक्टोमीटर, म्हणजे रसाची गोडी ब्रिक्स या अंशांत मोजायचे यंत्र, चालतो. काचेवर एक थेंब टाकून ब्रिक्स बावीस किंवा त्याहून अधिक आले तर चीक दाट आणि कामाचा समजावा. दुसऱ्या-तिसऱ्या वेताच्या पुढच्या गाईंचा चीक सहसा बरा निघतो. असा जास्तीचा चीक मी एक-एक लिटरच्या पिशव्यांत, तारीख लिहून, फ्रीजरमध्ये ठेवतो. वितळवताना पाणी हाताला सोसेल इतकेच गरम हवे. उकळत्या पाण्यात पिशवी टाकली तर प्रतिकारद्रव्ये नासतात आणि उरतो तो निव्वळ खरवस.

जो दगावला, त्याला चीक मिळालेलाच नव्हता. तो दुसऱ्या गावाहून, दोन हात फिरून माझ्याकडे आला, तेव्हा नाळ ओली होती आणि तिला दुर्गंधी येत होती. टिंक्चर आयोडीन, प्रतिजैविके, सलाईन, डॉक्टरांनी सारे केले. हगवण पाण्यासारखी आणि पिवळट पांढरी होती, मानेची कातडी चिमटीत धरून सोडली की जागेवर बसायला वेळ घेत होती, आणि डोळा व पापणी यांच्यामध्ये काडी मावेल एवढी फट पडली होती. शरीराचे तापमान १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइटच्या दरम्यान असावे, ते त्याचे घसरत गेले. ताप चढलेल्या वासरापेक्षा गार पडत चाललेल्या वासराची मला जास्त धास्ती वाटते. इतर तिघांनाही हगवण लागली होती, मात्र त्यांनी बाटली सोडली नाही. हगवणीत दूध बंद करण्याची पद्धत अजूनही सर्रास आहे आणि ती वासराला दुबळे करते. दूध चालू ठेवावे, क्षारांचे पाणी वेगळे आणि दुधापासून दोनेक तासांच्या अंतराने द्यावे. तीन आठवड्यांच्या पुढे शेणात रक्त दिसले तर रक्ती हगवणीची शंका घेऊन शेण तपासायला न्यावे. तिथे घरगुती उपायांत वेळ घालवू नये.

पाजण्याच्या पद्धतीबद्दल नव्याने आलेल्यांसाठी थोडे. वासराने मान किंचित वर करून चोखले की अन्ननलिकेच्या टोकाची खाच नळीसारखी मिटते आणि दूध थेट चौथ्या पोटात जाते. बांबूच्या नळीने ओतलेले दूध पहिल्या, म्हणजे ओठी पोटात पडून आंबते, किंवा त्याहून वाईट म्हणजे फुप्फुसात जाते. चांद्या, म्हणजे कपाळावर पांढरा चांद असलेला गोऱ्हा, सुरुवातीला निपल तोंडात धरून नुसता चघळत असे. त्याला भिंतीच्या कोपऱ्यात माझ्या दोन पायांमध्ये उभे केले, दोन बोटे दुधात बुडवून जिभेवर ठेवली, टाळूला हलकेच खाजवले; जीभ बोटांभोवती वळली आणि ओढ लागली की बोटांशेजारून निपल आत सरकवायचे. ढुशी मारू लागला आणि शेपटी हलू लागली की समजावे, जमले. दूध संपल्यावर त्याला लगेच इतरांत सोडत नाही, कारण चोखण्याची ओढ शिल्लक असते आणि तिघे एकमेकांच्या बेंब्या व कान चोखत बसतात. तोंड पुसून, मूठभर काफ स्टार्टर (वासरांचा दाणेदार खुराक) पुढे ठेवून, पंधरा-वीस मिनिटे वेगळे बांधले की ती खोड लागत नाही.

स्टार्टर आणि स्वच्छ पाणी दुसऱ्या आठवड्यापासून. नुसत्या कडब्याने पोट फुगलेले दिसते, पण पहिल्या पोटाचे अस्तर दाण्याच्या आंबण्याने तयार होते. सलग तीन दिवस किलोभर स्टार्टर खाल्ला की दूध तोडायचे. तिघांचेही ते सुरळीत पार पडले.

पावसाळा सरता सरता चांद्याने पुन्हा घोर लावला. खाणे मंदावले, ताप १०५ वर गेला आणि खांद्यापुढची गाठ लिंबाएवढी हाताला लागली. संकरित वासरात ही गाठ आणि ताप एकत्र दिसले की गोचीड तापाकडेच पाहावे. डॉक्टरांनी कानाच्या शिरेतून रक्ताची काच घेतली, थायलेरिया, म्हणजे गोचिडातून येणारा रक्तातला परजीवी, निघाला आणि ब्युपारव्हाक्वोनचे इंजेक्शन वेळेत मिळाले. औषधापेक्षा महत्त्वाचे काम त्यानंतरचे होते: गोचीड जनावरापेक्षा भिंतीत जास्त राहते, म्हणून दगडी भिंतीच्या सांदी सिमेंटने बुजवल्या, चुना दिला आणि कानाच्या आतली बाजू व शेपटीखालचा भाग रोज हाताने चाचपण्याचा नेम ठेवला.

कागदांविषयी थोडक्यात. लहान वासराच्या कानात बहुधा बिल्ला नसतो, म्हणून वासरू आणताना मूळ मालकाकडून तारखेसह चिठ्ठी घ्यावी आणि तीत आईच्या बारा अंकी बिल्ल्याचा क्रमांक नोंदवावा. चौथ्या महिन्यात लाळ्या-खुरकूत लसीच्या वेळी वासराला स्वतःचा बिल्ला मारून घ्यावा आणि पशुवैद्यकीय दवाखान्यात नोंद आपल्या नावावर करावी.

आणि आता घर शोधण्याची गोष्ट. गोशाळेचा दरवाजा आपल्यासाठी उघडाच आहे असे धरून कोणीही गोऱ्हे जमवू नयेत. राज्य शासनाने २०२४ मध्ये गोशाळांना जे गाईमागे दिवसाला पन्नास रुपयांचे अनुदान जाहीर केले, ते देशी गाईंसाठी आहे. संकरित नर त्यात बसत नाही. मी विचारले त्या गोशाळेने "काळेपांढरे नकोत" एवढ्या शब्दांत विषय संपवला. म्हणून जेवढ्यांना घर मिळण्याची खात्री, तेवढेच आणायचे, हा नियम मी ठेवला आहे. चौथ्यानंतर आलेले निरोप मी नाकारले, आणि ते नाकारणे हे या छंदातले सर्वांत अवघड काम आहे.

यंदा दोन प्रकारची घरे मिळाली. पहिले घर गोबर गॅसवाल्याचे. एक घनमीटर गॅसला रोज सुमारे पंचवीस किलो शेण लागते. ज्यांनी गाई विकल्या आणि ज्यांचा संयंत्राचा डोम कोरडा पडला, त्यांना दूध न देणारे जनावरही चालते. गोऱ्हा लहान असताना शेण कमी पडते, हे त्यांना आधीच स्पष्ट सांगितले. शेजाऱ्याचे शेण घेऊन ते तूट भरत आहेत. तिथे तिघांतला काळू गेला. दुसरे घर भोरच्या डोंगराकडचे. तिथल्या भातखाचरांत ट्रॅक्टर उतरत नाही, चिखलणीला बैलच लागतो, आणि आमच्याकडच्या उन्हात धापा टाकणारा संकरित बैल तिथल्या गारव्यात टिकतो. चांद्या आणि त्याचा जोडीदार वर्षभराने तिकडे जातील. त्यांना लवकर खच्ची केले तर मान भरत नाही, म्हणून ते काम डॉक्टरांच्या सल्ल्याने पुढे ढकलले आहे. ते दवाखान्यातच, भूल देऊन, चिमट्याने होईल, दगडाने बडवण्याचा प्रकार आमच्याकडे चालणार नाही.

अडचण उरते ती जुवाची. आपले जू वशिंडाला टेकून ओढ घेते आणि या जनावरांना वशिंड जेमतेम असते, त्यामुळे ते मानेवर पुढे सरकते आणि खांदे सोलतात. सुताराकडून बाभळीचे रुंद, खालून खोलगट केलेले जू करून घ्यायचे ठरले असून त्याला आतून चामड्याची गादी लावणार आहोत. ज्यांनी संकरित बैल जुंपला असेल, त्यांनी जुवाची रुंदी आणि दोन शिवळांमधले, म्हणजे मानेच्या दोन्ही बाजूंच्या खुंट्यांमधले, अंतर कळवावे. पौषात लाकूड चिरायला जाण्याआधी मापे हातात असलेली बरी.