नवी बोट, जुनं फडकं

आज देवबागच्या खाडीत नवी बोट तिसऱ्यांदा उतरवली आणि तिसऱ्यांदा फडक्याने पाणी टिपत बसलो. बोट नवी, इंजिन नवं, हप्ताही नवा!

आउटबोर्ड, म्हणजे बोटीच्या मागच्या फळीवर बाहेरून लावलेलं इंजिन, ज्या चार बोल्टांवर बसलंय, त्यातल्या खालच्या दोनांपाशी आधी थेंब, मग बारीक धार. डीलरला फोन केला. "दादा, ही बॉडीची तक्रार, बोट बांधणाऱ्याला विचारा." त्याला विचारलं तर, "भोकं डीलरच्या माणसाने पाडली, आम्ही नाही." दुपारभर हीच टोलवाटोलवी.

शेवटी बोट वाळूवर ओढली. शेजारच्या तात्यांनी एक बोल्ट काढला, भोकात बोट फिरवलं. "अरे, ह्येका सीलंटच लावूक नाय!" म्हणजे भोकातून पाणी आत शिरू नये म्हणून भरायचा चिकट लेपच नाही. फायबरच्या आतलं प्लायवूड आत्ताच ओलं, काळपट. दोन आठवड्यांत!

नव्या इंजिनाला पहिले 10 तास जपून चालवून रुळवायचं असतं. आमचे तीनही झाले नाहीत. (कूलिंगच्या पाण्याची पिचकारी मात्र झकास उडते, तेवढं श्रेय कंपनीला.)

भोकाचा व्हिडिओ दोघांनाही एकाच ग्रुपमध्ये टाकलाय. डीलर म्हणतो, सोमवारी माणूस पाठवतो. कुठला सोमवार, ते विचारायचं राहिलं. बोल्ट माझ्या खिशात आहे.