सनद १७२५ ची, कागद १८४९ चा

मोडी वाचून घ्यायला लोक आणतात ते कागद बहुतेक वतनाचे, देवस्थानाचे नाहीतर भाऊबंदकीचे असतात. मायना, म्हणजे सुरुवातीचा ठराविक मजकूर, आणि तारीख लागली की अर्धं काम झालं. परवाची सनद, म्हणजे इनामाचं अधिकृत पत्र, मात्र अजून डोक्यातून जात नाही.

वाचून घ्यायला आलेल्या एका काकांनी ती लॅमिनेट करून आणली होती. जुन्या कागदाचं याहून मोठं वाटोळं नाही. शाईचा उठाव कळत नाही, पोत हाताला लागत नाही, आणि प्लॅस्टिक सोडवायला गेलं तर अक्षरंही त्याच्याबरोबर निघतात. आधी कुणाला तरी विचारा हो!

मजकूर साताऱ्याच्या शाहू छत्रपतींनी इनाम दिलेल्या जमिनीचा. राज्याभिषेक शके ५२, विश्वावसुनाम संवत्सरे, कार्तिक वद्य ५. शेवटच्या नोंदीत ‘छ १८ रबिलावल, सीत अशरीन मया व अलफ’. ‘छ’ म्हणजे चंद्र, रबिलावल हा मुसलमानी महिना, पुढचे शब्द अरबी आकडे. सीत सहा, अशरीन वीस, मया शंभर, अलफ हजार. मराठी दफ्तरात चालणाऱ्या सुहूर सनाचं हे ११२६ वं वर्ष. हे वर्ष मृग नक्षत्रापासून सुरू होतं, म्हणून इसवी सन काढायला कार्तिकासाठी ५९९ मिळवायचे. आले १७२५. शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाचं इ.स. १६७४ हे पहिलं वर्ष धरून राज्याभिषेक शकाचं ५२ वं वर्ष मोजलं, तरी १७२५ च. संवत्सर जुळलं. चंद्रदर्शनापासूनची अठरावी तारीख आणि वद्य पंचमीही जुळली. बनावट कागद बहुधा इथेच उघडा पडतो, कारण इतक्या कालगणना एका दिवसावर आणून बसवणं सोपं नाही. मला फार आनंद झाला.

मग कागद उजेडासमोर धरला. आत जलचिन्ह (वॉटरमार्क), आणि त्याखाली इंग्रजी आकड्यांत १८४९.

शिक्क्याच्या जागी ठसा नव्हताच. हाताने वर्तुळ काढून आत ‘शिक्का’ लिहिलं होतं. नकलेत असंच करतात. १८५२ च्या कायद्यानंतर इंग्रज सरकारचं इनाम कमिशन इनामदारांकडे पुरावे मागत होतं, तेव्हा घराघरांतून अशा नकला निघाल्या. ही त्यातलीच असावी.

“म्हणजे खोटीच ना, सर?” काका म्हणाले. खरं की खोटं, एवढंच सगळ्यांना हवं असतं. आम्हा मोडी वाचणाऱ्यांतलेही काही जण नक्कल म्हटली की कागद बाजूला सारतात, ते मला अजिबात पटत नाही. अस्सल गहाळ झालं असेल, तर त्याचा मजकूर राहिलाय तो इथेच.

“काका, नक्कल म्हणजे खोटी नव्हे,” मी म्हणालो. पण पुढचं सांगताना अडखळलो. मोडीत आधी आडवी रेघ ओढतात आणि अक्षरं तिला लटकवत जातात. या कारकुनाचा हात सुरेख, अंतर सगळीकडे सारखं. फक्त ‘दीड चावर’ (चावर हे जमिनीचं जुनं माप) लिहिलंय तिथे ‘दीड’ दाटीने बसवलाय. सुटलेला शब्द नंतर घातला असेल, किंवा जमीन वाढवली असेल. अस्सल सनदेवरून नक्कल करणाऱ्याला तारीख आयतीच बरोबर मिळते. मधला एक शब्द बदलला तरी तारखेला धक्का लागत नाही.

अहवालात मी सनदेचं साल १७२५ दिलं, नकलेचा कागद १८४९ चा म्हटलं, आणि जमिनीचा आकडा संशयित ठरवला. काकांना तो शेवटचा भाग आवडला नाही. आता पुण्याच्या पुराभिलेखागारात शाहू दफ्तराचे रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, बघायचे आहेत. या इनामाची नोंद तिथे सापडली, तर आधी चावराचा आकडा वाचेन.