झुकलेला ब्रिज

"हिचा नेकच वाकलाय," गिटार टेबलावर ठेवता ठेवता मालक म्हणाले. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीची गिब्सनची लेस पॉल डिलक्स, इलेक्ट्रिक गिटार. तारांची कंपनं टिपणारे मिनी हंबकर पिकअप शाबूत, लॅकरला वयाच्या बारीक चिरा. तक्रार अशी, की मोकळ्या तारा सुरात लावल्या तरी बाराव्या फ्रेटपुढे (फ्रेट म्हणजे नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) सगळंच चढं बोलतं. कुणाकडून तरी ब्रिज, म्हणजे बॉडीवर तारा ज्यावर टेकतात तो भाग, बदलून घेतल्यापासून हे सुरू झालं होतं.

नेक, म्हणजे गिटारची मान, सरळ होता. मग ब्रिजला अंगठ्याने हळूच रेटलं, तर तो हलला. तारा पूर्ण ताणलेल्या असताना ब्रिज हलतो, म्हणजे पाणी तिथेच मुरत होतं. बाजूने पाहिलं, तर ब्रिज ज्यांवर उभा असतो ते दोन्ही पोस्ट नेककडे झुकलेले. १० ते ४६ (इंचाचे हजारावे भाग) जाडीच्या तारांच्या संचाचा सुरातला एकूण ताण ४० किलोहून जास्त असतो. तारांची मागची टोकं धरणारा टेलपीस तळापर्यंत खाली पिळलेला होता, त्यामुळे तारा ब्रिजच्या मागच्या कडेला घासत तीव्र कोनात उतरत होत्या आणि दाब आणखी वाढत होता. ब्रिज पुढे कलला की तारेची वाजणारी लांबी घटते आणि फ्रेटवर स्वर चढतो. जाड सहाव्या तारेला लांबीची गरज सर्वांत जास्त. तिचं सॅडल, म्हणजे ब्रिजवरचा तिचा सरकता आधार, मागे सरकवून सरकवून टोकाला टेकलं होतं, तरीही ती चढीच.

तारा काढल्यावर पोस्ट हातानेच वर आले. भोवती टेप गुंडाळलेली! मूळ ब्रिज एबीआर-१, गिब्सनने १९५४ मध्ये आणलेल्या ट्यून-ओ-मॅटिकचा पहिला प्रकार. त्याचे पोस्ट साडेतीन मिलिमीटरचे, इंची आट्यांचे, थेट लाकडात पिळलेले. बाजारातल्या बऱ्याच बदली ब्रिजचे पोस्ट ४ मिलिमीटरचे असतात. तसल्यासाठी कुणीतरी जुनी भोकं हातानेच, तिरकी आणि गरजेपेक्षा मोठी पाडली होती. उरलेली फट टेपने भरली होती. एवढ्या जुन्या वाद्यावर असं काम झालेलं पाहून मला खरोखर वाईट वाटलं.

मालकांचं म्हणणं होतं, पोस्टसाठी धातूचे मोठे बुश (भोकात बसणाऱ्या नळ्या) ठोकून विषय संपवावा. पुढे सत्तरच्याच दशकात आलेल्या नॅशव्हिल ब्रिजमध्ये तशीच सोय आहे आणि ती भक्कम आहे, हे मीही मानते. पण त्यासाठी आणखी लाकूड कोरावं लागतं आणि कोरलेलं लाकूड परत येत नाही. मी नको म्हणाले. "जुना ब्रिज आहे का?" विचारलं. तो केसच्या कप्प्यात होता!

जस्ताच्या मिश्रधातूचा तो ब्रिज मधोमध थोडा खाली वाकला होता. जुन्या एबीआर-१ मध्ये हे नेहमी दिसतं. मधल्या तारा खाली जातात आणि फिंगरबोर्डच्या गोलाईशी मेळ बसत नाही. सरळ करताना तो तडकू शकतो, हे मालकांना आधी सांगितलं. त्यांनी होकार दिल्यावर दोन्ही टोकांना लाकडी ठोकळे देऊन मधला भाग शिकंज्यात अगदी थोडा थोडा दाबत गेले. तो तडकला नाही.

खरं काम भोकांचं. ती साफ करून मेपलच्या गुट्ट्या बसवल्या. इथे तयार गोल दांडीचा तुकडा वापरायचा मोह होतो. पण दांडीचे तंतू उभे असतात आणि उभ्या तंतूंत आटे नीट धरत नाहीत. म्हणून गुट्ट्या फळीतून आडव्या कापल्या. त्यांचे तंतू बॉडीवरच्या मेपलच्याच दिशेने धावतात. सरस घालून दाबल्या आणि पुरत्या वाळू दिल्या. घाई करायची जागा ही नव्हे.

नेकच्या टोकाला तारा टेकतात त्या नटपासून बाराव्या फ्रेटपर्यंतचं अंतर दुप्पट करून जागा आखली. जाड तारेकडचा पोस्ट बारीक तारेकडच्यापेक्षा सुमारे ३ मिलिमीटर मागे. एबीआर-१ ची सॅडल फार सरकत नाहीत, त्यामुळे आखणी चुकली तर पुढे काही करता येत नाही. ड्रिल प्रेसवर पावणेतीन मिलिमीटरची भोकं घेतली, आटे पाडले, त्यात पातळ सुपरग्लू मुरवला आणि वाळल्यावर आटे पाडायचा टॅप पुन्हा फिरवला. दोन्ही पोस्ट एकमेकांना समांतर आहेत हे पुन्हा पुन्हा तपासलं, नाहीतर उंची बदलताना ब्रिज अडकतो.

तारा चढवल्या. टेलपीस एवढाच वर घेतला की तारा ब्रिजच्या मागच्या कडेला लागू नयेत. सहाव्या तारेचा बाराव्या फ्रेटवरचा स्वर तिथेच तार नुसती स्पर्शून निघणाऱ्या हार्मोनिकशी जुळला, आणि सॅडलला मागे सरकायला अजून जागा शिल्लक होती. मालकांनी पंधराव्या फ्रेटवर एक कॉर्ड धरली, ती बराच वेळ वाजू दिली आणि मग विचारलं, "गुट्ट्या दिसतील?" ब्रिजची उंची बदलणाऱ्या थंबव्हीलखाली झाकल्या जातात, म्हटलं. तारा एकेक करूनच बदला, आणि तार चढवताना ती सॅडलला पुढे ओढते, म्हणून सूर लावून झाला की ब्रिज उभा आहे ना ते बाजूने बघत जा, एवढं सांगून गिटार त्यांच्या हातात दिली.