‘तेव्हा’ हा एक शब्द

23 सप्टेंबर, रात्री साडेदहा

संध्याकाळपासून भुरभुर चालूच आहे. मध्येच जोराची सर आली की आई, म्हणजे माझ्या सासूबाई, पलंगावरून विचारतात, "पाणी कुठवर आलं वो?" दर पावसात विचारतात. आजची तारीख मात्र त्यांना ठाऊक नाही, आणि मी सांगितलीही नाही.

2023 साली याच तारखेला मध्यरात्रीनंतर नागपुरात आभाळ फाटलं. अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदी वस्त्यांत शिरली. आमचं घर तळमजल्यावर. यांनी पलंगावरून पाय खाली टाकला तो थेट पाण्यात. लाइट गेलेले. आईंची डावी बाजू अर्धांगवायूने लुळी. प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून त्यांना लुगड्याने बांधलं. खुर्ची जिन्याकडे उचलली, एका बाजूने हे, दुसऱ्या बाजूने वरच्या मजल्यावरचे काका. मी मागून बॅटरी धरून, कमरेइतक्या पाण्यात. तोंडातून "प्रभू, प्रभू" याच्यापुढे एक शब्द निघत नव्हता.

फ्रिज, शिलाई मशीन, वर्षाचे गहू, सगळं चिखलात गेलं. आजीच्या पवित्र शास्त्राच्या पहिल्या पानावर तीन पिढ्यांच्या बाप्तिस्म्याच्या तारखा होत्या. शाई पार धुऊन गेली. फ्रिजसाठी नाही रडले, त्या पानासाठी रडले.

रविवारी उपासनेनंतर बहिणी म्हणाल्या, "साक्ष दे, प्रभूनं राखलं तुम्हाला." मी उठले नाही. त्या रात्री याच शहरात माणसं दगावली होती. त्यांच्याही घरी कुणीतरी देवाला हाक मारलीच असेल ना? मग आमचीच तेवढी ऐकली, असं कोणत्या तोंडाने सांगू?

पाळकसाहेब भेटायला आले तेव्हा हेच बोलून टाकलं. त्यांनी उपदेश केला नाही. स्टीफन हिस्लॉप या स्कॉटिश मिशनरींबद्दल बोलत बसले. 1845 साली ते नागपूरला आले, इथे शाळा काढली, अठरा वर्षं राबले. 4 सप्टेंबर 1863 ला टाकळघाटाहून घोड्यावरून परतताना ओढ्याच्या पुरात बुडाले. मी हिस्लॉप कॉलेजातच बीए केलं. तीन वर्षं त्या नावाखालून आत-बाहेर केलं, पण हे नाव पुरात गेलेल्या माणसाचं आहे, हे कधी मनाला शिवलंच नव्हतं.

मग त्यांनी पवित्र शास्त्रातला यशयाचा 43वा अध्याय काढून माझ्याच हातात दिला. तू पाण्यातून चालशील तेव्हा मी तुझ्याबरोबर असेन. लहानपणी पाठ केलेलं वचन. त्यातला ‘तेव्हा’ मात्र पहिल्यांदा वाचला. ‘चाललास तर’ असं तिथे नाहीच. पाणी येणार, हे धरूनच देव बोलतोय. स्तोत्र 23 मधला मेंढपाळही मेंढराला दरी चुकवून नेत नाही, दरीतून नेतो. आणि वधस्तंभाच्या आदल्या रात्री गेथशेमाने बागेत खुद्द प्रभूने दुःखाचा प्याला टळावा म्हणून मागितलं, तो टळला नाही.

त्याच वचनात पुढे नद्या तुला बुडवणार नाहीत असंही आहे. हिस्लॉप साहेबांच्या बाबतीत ते कसं वाचायचं, हे मला अजून उमगलेलं नाही. वधस्तंभ आणि रिकामी कबर डोळ्यांपुढे ठेवूनच ते वाचता येतं, इतकं कळतं. पण ‘बरोबर असेन’ याबद्दल माझ्या मनात आता शंका उरलेली नाही. काकांचा तो हात मी पाहिलाय. काकू रोज सकाळी तुळशीला पाणी घालतात. त्याच काकूंनी अकरा दिवस आईंचं अंग पुसून दिलं, एकदाही नाक मुरडलं नाही. मी देव शोधत होते पाणी ओसरण्यात, आणि तो जिन्यावर होता.

साक्ष मी पुढे चार महिन्यांनी दिली. आम्ही वाचलो, यावर ती नव्हती. तो बरोबर होता, एवढंच बोलले आणि बसले.

पाऊस वाढलाय. बॅटरी उशाशी घेतली. आईंनी स्तोत्र 121 वाचायला सांगितलं आहे. आजीचंच पुस्तक काढते. पानं फुगलीत, पण अक्षर लागतं.