दातखीळ

बाबांनी दोन दिवस कुणाला काही सांगितलंच नाही. तिसऱ्या दिवशी फोनवर इकडचं तिकडचं बोलून झालं, आणि मग आवाज उगाच खाली आणून म्हणाले, "अगं, मला वाटतं माझे कान गेले."

"माझं बोलणं येतंय ना ऐकू?"

"ते येतंय. कॉम्प्युटरचं येत नाहीये."

बाबांचा कॉम्प्युटर म्हणजे नावाला कॉम्प्युटर, खरी ती गाण्यांची पेटी. २००४ साली सुटे भाग आणून जुळवलेला, पांढऱ्याचा पिवळा पडलेला, पोटात विंडोज एक्सपी. त्या एक्सपीकडे खुद्द कंपनीनेच एप्रिल २०१४ मध्ये पाठ फिरवली, तेव्हापासून मी त्याला इंटरनेट लावू देत नाही. बाबांचं त्यावाचून काही अडतही नाही. घरातल्या सगळ्या कॅसेट त्यांनी स्वतः बसून त्यात उतरवल्या आहेत. तासाभराची कॅसेट उतरवायला तासभरच लागतो, त्यात घाई चालत नाही. दोन वर्षं हा उद्योग चालला होता. तेव्हा आवाज गेला म्हणजे नेमकं काय गेलं, हे मला फोनवर वेगळं सांगावं लागलं नाही.

बाकीचे बिघाड आरडाओरडा करतात. पडदा निळा पडतो, अक्षरं सांडतात, पंखा घरघरतो. रॅम नीट बसली नसेल तर मदरबोर्ड पिप-पिप करून बोंब मारतो. आवाजाचा बिघाड मात्र बिचारा काही बोलत नाही. बोलणार तरी कशाने? शांतता सगळी एकसारखीच दिसते. स्पीकरचा अडॅप्टर निघाला तरी तीच, ड्रायव्हर, म्हणजे विंडोजला साउंडच्या चिपशी बोलायला शिकवणारं सॉफ्टवेअर, गेला तरी तीच, आणि गाण्यात सुरुवातीला चार सेकंद काहीच नसलं तरी तीच. त्या चार सेकंदांत मी आजवर कितीदा उठून वायरी हलवल्या असतील!

बाबांकडे गेल्यावर आधी विनॅम्प, म्हणजे गाणी वाजवायचं सॉफ्टवेअर, लावून पाहिलं. गाणं पुढे सरकत होतं, हिरव्या पट्ट्या तालात वरखाली नाचत होत्या. काचेपलीकडे कुणी तरी जीव तोडून गातंय आणि आपल्यापर्यंत काही पोचत नाही, असं ते दृश्य. यंत्राचा स्वतःवर पूर्ण विश्वास होता. डिव्हाइस मॅनेजर, म्हणजे कॉम्प्युटरातल्या उपकरणांची यादी, उघडला तर तिथे साउंडपुढे लिहिलेलं, हे उपकरण व्यवस्थित चालू आहे. ही ओळ मला कायम उद्धट वाटत आली आहे.

बाबा शेजारी खुर्ची घेऊन बसले. तब्येत दाखवायला आणलेल्या पेशंटचे नातेवाईक बसतात तसे.

माझी पद्धत अशी की आवाज ज्या वाटेने बाहेर येतो त्या वाटेने उलटं चालत जायचं. म्हणजे पहिले स्पीकर. दिवा लागलेला. व्हॉल्यूमचं बटण फिरवलं की खरखर यायची. आतली कार्बनची पट्टी झिजली, तिच्यावर धूळ बसली की अशी खरखर येते. खरखर येते आहे म्हणजे निदान धुगधुगी आहे. मग माझी आवडती परीक्षा. कॉम्प्युटरच्या मागून स्पीकरची पोपटी पिन काढायची आणि तिच्या टोकाला बोट लावायचं. स्पीकरमधून जाड, भरीव 'घूं' असा आवाज आला. आसपासच्या वायरींतली वीज आपल्या अंगात अगदी क्षीण का होईना उतरलेली असते, आणि स्पीकर तीच मोठी करून ऐकवतो. सेकंदाला पन्नास हेलकाव्यांची घरातली वीज, माझ्या बोटातून.

"हे आलं ऐकू!" बाबा जवळजवळ उठलेच. "हे स्पष्ट आलं!"

"मग कान शाबूत आहेत तुमचे."

ते काही बोलले नाहीत, पण खुर्ची जरा पुढे ओढून घेतली. आता ते नातेवाईक राहिले नव्हते, असिस्टंट झाले होते.

या स्पीकरांना एके काळी भविष्य कळायचं. टूजीच्या जमान्यात मोबाइल त्यांच्याजवळ ठेवला की फोन वाजायच्या आधी हे 'टिडिक टिडिक टर्रर्र' करायला लागायचे. जीएसएमचा फोन सलग न बोलता सेकंदाला सुमारे २१७ तुकड्यांत बोलायचा, आणि तो ठोका स्पीकरच्या वायरी झेलायच्या. "फोन येतोय बघ," असं बाबा म्हणायचे आणि मग फोन यायचा. नवे फोन आले आणि ही विद्या गेली.

पिन चुकीच्या भोकात गेली असेल, ही पुढची शंका. पूर्वी ही चूक सहज व्हायची, कारण सगळी भोकं काळी आणि शेजारी सूक्ष्म बाण कोरलेले, तेही टेबलाखाली डोकं घालून टॉर्चच्या उजेडात वाचायचे. पुढे मायक्रोसॉफ्ट आणि इंटेलने 'पीसी ९९' नावाच्या नियमावलीत रंग ठरवून दिले: स्पीकरला पोपटी, माइकला गुलाबी, बाहेरचा आवाज आत घ्यायला फिकट निळा. माझ्या मते संगणकाच्या इतिहासात सामान्य माणसावर झालेला हा मोठा उपकार आहे, आणि त्याबद्दल कुणी कधी आभार मानल्याचं ऐकलेलं नाही. पिन पोपटीत पोपटीच होती. तिथेच माझे हेडफोन लावून पाहिले. शांतता.

मग कोपऱ्यातला स्पीकरचा छोटा आयकॉन. त्यावर डबल क्लिक केलं की एक्सपी पट्ट्यांची फौज उभी करते: सगळ्यांचा मिळून एक, वेव्हचा वेगळा, सीडीचा वेगळा, लाइन-इनचा वेगळा, आणि प्रत्येकाखाली म्यूटची चौकट. कुठे तरी बरोबरची खूण दडलेली असणार या खात्रीने मी सगळ्या तपासल्या. एकही नव्हती. तरी हात शिवशिवतात, म्हणून सगळ्या पट्ट्या वर नेल्या. बाबांनी तिकडे स्पीकरचं बटण शेवटपर्यंत पिळलं. "असू दे," म्हणाले, "कमी पडायला नको."

सर्व्हिसेसमध्ये जाऊन विंडोज ऑडिओ चालू आहे का पाहिलं. चालू. बायॉसमध्ये, म्हणजे विंडोजच्याही आधी जागं होणाऱ्या सेटिंगांत, जाऊन मदरबोर्डवरचा ऑडिओ कुणी बंद केलाय का पाहिलं. नव्हता. इथवर मी शहाणी होते. इथून पुढे माझ्यातला वैद्य हट्टाला पेटला आणि मी ड्रायव्हरच काढून टाकला. नव्याने घालू, म्हटलं, सगळं स्वच्छ होईल. कॉम्प्युटर परत चालू झाला तेव्हा साउंडच्या जागी पिवळं प्रश्नचिन्ह आणि नाव 'मल्टिमीडिया ऑडिओ कंट्रोलर'. म्हणजे ओळखच विसरला. आता आमच्याकडे एकाच्या जागी दोन बिघाड होते आणि दुसरा खास माझ्या हातचा. रोग रेड्याला, इंजेक्शन पखालीला.

मदरबोर्डची सीडी शोधण्यात दुपार गेली. ती सापडेपर्यंत मी प्रश्नचिन्हाच्या पोटात शिरून उपकरणाचा कुळक्रमांक वाचत बसले. त्यात बनवणाऱ्याची खूण ८०८६ अशी होती. इंटेलची १९७८ ची चिप ८०८६ नावाची, आणि इंटेलने स्वतःच्या वस्तूंसाठी तोच आकडा घेऊन ठेवला आहे. घराण्याचं नाव मूळपुरुषावरून लावतात तसं. सीडी शेवटी कॅसेटच्या रिकाम्या खोक्यात मिळाली, वर बाबांच्या अक्षरात 'काढू नये'.

ती फिरत असताना बाबांना घरातला पहिला कॉम्प्युटर आठवला. तेव्हा साउंड ब्लास्टर कार्ड वेगळं घालावं लागायचं आणि प्रत्येक गेम सुरू होताना चौकशी करायचा: पत्ता २२० का? आयआरक्यू, म्हणजे कार्डाने प्रोसेसरला हाक मारायची लाइन, ५ की ७? डीएमए १? ७ म्हटलं तर तिथे प्रिंटर आधीच बसलेला. आम्ही परीक्षेत ठोकून देतात तसं ठोकून द्यायचो. चुकलं तर सगळा कॉम्प्युटरच जागच्या जागी थिजायचा. पुढच्या कॉम्प्युटरची वेगळीच तऱ्हा. एकदा बाकीचे सगळे आवाज येत होते आणि गाण्यांच्या सीडी तेवढ्या मुक्या. साफसफाईत सीडी ड्राइव्हपासून साउंड कार्डाकडे जाणारी बारीक वायर सुटली होती. सीडीवरचं गाणं तेव्हा त्या वायरीतून थेट जायचं, बाकी कॉम्प्युटरला कळायचंही नाही.

ड्रायव्हर बसला. प्रश्नचिन्ह गेलं. 'व्यवस्थित चालू आहे' ही ओळ परत आली. आवाज नाही.

मी हेडफोन गुंडाळायला घेतले. वैतागून, काही विचार न करता, पिन पुढच्या भोकात खुपसली. कॅबिनेटच्या पुढे, यूएसबीच्या शेजारी असतं ते. कानाला लावले तर गाणं चालू होतं. अंतरा होता. तीन दिवस कुणीही न ऐकलेला.

"बाबा, पुढे हेडफोन कुणी लावले होते?"

"पिंट्याने. सुट्टीत आला होता तेव्हा गेम खेळायला. मीच सांगितलं, कानाला लावून खेळ."

तेव्हा मला मदरबोर्डच्या पुस्तिकेतलं ते पान आठवलं. एसी ९७ या जुन्या ऑडिओ पद्धतीच्या काळातल्या या बोर्डांत मागच्या स्पीकरकडे जाणारा आवाज सरळ मागे जात नाही. तो आधी वायरीने पुढच्या भोकापर्यंत येतो, तिथल्या दोन चिमुकल्या पितळी पात्यांमधून ओलांडतो आणि मग परत मागे जातो. हेडफोनची पिन आत गेली की ती पाती ढकलली जाऊन वाट तुटते आणि स्पीकर गप्प होतात. पिन काढली की पाती परत टेकायची. ज्यांच्या कॅबिनेटला पुढे भोकच नसे, त्यांना मदरबोर्डवर ५-६ आणि ९-१० या पिनांवर दोन बारक्या टोप्या घालून ही वाट जोडावी लागे. टोप्या हरवल्या की मागचा आवाज गेला. सगळी सॉफ्टवेअरं, सगळे ड्रायव्हर एका बाजूला आणि नखाएवढं पातं एका बाजूला. पिंट्याने पिन उपटून नेली होती, पात्याला मात्र ती अजून आत आहे असंच वाटत होतं.

टॉर्च धरून आत पाहिलं. भोकाच्या काठाला काळपट थर, आत काहीतरी किंचित चकाकणारं. खोलून काढायचं म्हणजे पुढचा अख्खा चेहराच उतरवायला हवा. त्याऐवजी मी सोपा रस्ता धरला: पिन आत, बाहेर, जरा फिरवून पुन्हा आत, बाहेर. घासून घासून पात्यावरचा गंज निघतो कधी कधी. बाबा मोजत होते. सात. आठ. नवव्या वेळी स्पीकरने एक उचकी दिली.

दहाव्या वेळी पिन बाहेर आली आणि वर चढवलेल्या सगळ्या पट्ट्या आणि बाबांनी पिळलेलं बटण एकदम कामाला लागलं. खिडकीची काच थरथरली. हार्मोनियम अंगावरच आली. मी माऊस शोधतेय, माऊस सीडीच्या खोक्याखाली, आणि बाबा दोन्ही कानांवर हात ठेवून ओरडतायत,

"अगं हळू कर! बहिरा नाहीये मी!"